गडाखालून गाडी नको, पण गाडीला गाव हवं

पत्र

प्रिय मावशी,

आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. एकत्र कुटुंब. माझी नणंद बारा वर्षं अमेरिकेत आहे. उन्हाळ्यात तिनं माझ्या नऊ वर्षांच्या मुलासाठी एक मोठं खोकं पाठवलं. तिकडे नाताळात घराघरांत बर्फाचं गाव मांडतात, ते त्यात आहे. चिनीमातीची पाच घरं, आतून दिवे लागणारी, आणि भोवती फिरणारी आगगाडी. गाडीच्या खोक्यावर 'ओएन३०' असं लिहिलंय. पोरगं हरखून गेलं. यंदा दिवाळीत किल्ल्याभोवती गाडी फिरवायची, असं त्यानं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं.

आमचे सासरे, आप्पा, दरवर्षी अंगणात पन्हाळा करतात. पंचेचाळीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. ते म्हणाले, "म्हाराजांच्या गडाखालनं आगगाडी? आनि ह्यो बर्फ? कोल्हापुरात बर्फ कवा पडला हुता?" त्यानंतर ते या विषयावर एक शब्द बोललेले नाहीत. पोरगं रुसून बसलंय. त्यात माझ्या नवऱ्यानं पिन बदलून अडॅप्टर लावला, तर दोन मिनिटांत जळका वास आला आणि एका घरातला बल्ब फुटला. गाडी तेव्हा रुळावर ठेवलेली नव्हती.

नणंद नाताळात येणार आहे, सगळं मांडलेलं बघायला. नवरा म्हणतो, घरांवरचा बर्फ रंगवून टाकू, कौलारू करू, आणि किल्ल्याखाली ठेवून देऊ. आप्पांना कसं समजवायचं ते मला कळत नाही. मी कुणाच्या बाजूनं बोलू?

एक सून, शुक्रवार पेठ

उत्तर

सूनबाई,

आधी विजेचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. पिन बदलल्यानं अडॅप्टर आपल्या बोर्डात बसला एवढंच. आतला माल १२० साठीच केलेला. साध्या बल्बला दुपटीच्या जवळपास दाब मिळाला की तो झेपेल त्याहून कितीतरी जास्त शक्ती ओढतो, म्हणून तो फुटला. अडॅप्टरमधलं तारेचं गुंडाळं तापलं, म्हणून वास आला. तो अडॅप्टर आता पुन्हा लावून बघू नका, 'एकदाच बघू' म्हणूनसुद्धा नको.

गाडी रुळावर नव्हती म्हणता, म्हणजे इंजिन बहुधा धड आहे. खात्री करायची सोपी रीत सांगते. रुळाचा एक सरळ तुकडा घ्या, त्यावर इंजिन ठेवा आणि ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन टोकं दोन तारांनी दोन रुळांना लावा. इंजिन हललं, तर जिवंत आहे. तारा उलट केल्या की ते उलट जाईल. हे मुलाच्या हातून करून घ्या. रुसवा निम्मा तिथंच उतरेल.

मग जळलेल्या अडॅप्टरवरचं बारीक लिखाण वाचा. 'आउटपुट' या शब्दापुढे किती व्होल्ट, किती अँपिअर आणि एसी की डीसी, हे तिन्ही लिहिलेलं असतं. तोच आउटपुट देणारा, पण २३० वर चालणारा अडॅप्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. डीसी असेल तर पिनेच्या मधोमध धन की ऋण, तेही जुळवायचं. तयार मिळाला नाही तर उद्यमनगरात ट्रान्सफॉर्मर भरून देणारे कारागीर आहेत, जळका अडॅप्टर दाखवून त्यांच्याकडून करून घ्या. वेग कमीजास्त करायचं बटण असलेली डबी वाचली असेल तर तीच वापरता येईल, मात्र तीही आधी त्या कारागिराला दाखवा.

घरांतले बल्ब सगळे काढून टाका. त्यांच्या वायरी कापू नका, गुंडाळून ठेवा, घरं कधीकाळी परत तिकडे गेली तर लागतील. मागच्या भोकातून आपली बॅटरीवरची एलईडी माळ आत सोडा, एकेका घरात तीन-चार दिवे पुरतात. ती तापत नाही. बर्फ म्हणून कापूस पसरतात त्या देखाव्यात न तापणारा दिवा ही शोभेची गोष्ट नसून सुरक्षिततेची आहे.

आता आप्पा.

माझ्या मते आप्पांचं बरोबर आहे, आणि ते मुलाला नीट समजावता येईल असं बरोबर आहे. पन्हाळ्याच्या किल्ल्याखालून सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले ते १६६० साली. आप्पांच्या किल्ल्यावर तो काळ उभा असतो, सिंहासन, तीन दरवाजा, अंबरखाना, पहाऱ्यावरचे मावळे. त्यात आगगाडी शिरली की गड नुसता डोंगर होऊन जातो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यांत आपला पन्हाळा आहे. पंचेचाळीस वर्षं ज्यांनी तो दरवर्षी मातीत पुन्हा उभा केला, त्यांना तो जसा हवा तसाच राहू द्या.

दुसरं कारण गाडीच्या बाजूनं आहे आणि मुलाला ते जास्त पटेल. एक लोहचुंबक घ्या, अंगणातल्या कोरड्या मातीत फिरवा. त्याला बारीक काळी पूड चिकटून येईल. आपली माती काळ्या कातळाची, बेसॉल्टची, त्यात लोखंडाची चुंबकीय खनिजं असतात. इंजिनाच्या मोटारीत चुंबकच बसवलेला असतो. किल्ल्याभोवती दोन दिवस गाडी फिरवली तर तीच पूड मोटारीत जाऊन बसेल. किल्ल्यावर हिरवळीसाठी अळीव-मोहरी पेरतो आणि रोज पाणी शिंपडतो, ते रुळांना चालत नाही. वाटांवर टाकतो ती रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती दातेरी चाकांत गेली की चाकं घासून खाते. फटाक्यांची काजळी वेगळीच. गाडीला कोरडी, घरातली, वर उचललेली जागा लागते. किल्ल्याला अंगण लागतं. दोघांना एकमेकांपासून लांबच ठेवायला हवं, हे आप्पांनी वेगळ्या कारणानं ओळखलं.

म्हणून यंदाची दिवाळी पूर्ण किल्ल्याची. मुलानं माती कालवायला, गोणपाट भिजवायला, विटा रचायला आप्पांच्या हाताखाली उभं राहायचं, गाडीचं नाव न काढता. तुळशीचं लग्न झालं, किल्ला उतरला, की गाडीचे दिवस सुरू. तिथून नाताळपर्यंत महिनाभर तरी मिळतो, आणि गाव मांडायला तेवढा लागतोच.

आता त्या खोक्यावरच्या 'ओएन३०' कडे वळते. तुम्ही ते सहज लिहिलंत, पण मला ते वाचून फार आनंद झाला.

खेळातल्या आगगाड्यांची मापं ठरलेली असतात. 'एचओ' म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, तीच जगात सगळ्यात जास्त चालते. 'एन' म्हणजे एकशेसाठपट लहान. 'ओ' म्हणजे अमेरिकेत अठ्ठेचाळीसपट लहान. नाताळच्या गावातली चिनीमातीची घरं साधारण या 'ओ' मापाच्या आसपास असतात. तेवढी मोठी गाडी घ्यायची तर रूळही रुंद आणि वळणंही मोठी, घरात जागा उरत नाही. म्हणून तिकडच्या लोकांनी युक्ती काढली, की गाडी अठ्ठेचाळीसपट लहान ठेवायची पण ती अरुंद मार्गावरची निवडायची. नावातला ३० म्हणजे ३० इंच, खऱ्या रुळांमधलं अंतर. अडीच फुटी नॅरोगेज. ती खेळात 'एचओ'च्या साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर बसते.

आणि अडीच फुटी नॅरोगेज म्हणजे आपली बार्शी लाईट रेल्वे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, मग पंढरपूरला गेली, लातूरला गेली आणि १९२७ मध्ये मिरजेला आली. मोजून तेच माप, दोन फूट सहा इंच. माझे वडील रेल्वेत गार्ड होते, माझं लहानपण मिरजेच्या क्वार्टर्समध्ये गेलं. त्या काळी मिरज जंक्शनात तिन्ही मापांचे रूळ होते, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि ही छोटी. कार्तिकीच्या आधी छोट्या गाडीच्या फलाटावर पताका, तुळशीवृंदावनं, टाळ यांची गर्दी व्हायची, आणि गाडी निघाली की डब्यांतून अभंग ऐकू यायचे ते ती दिसेनाशी होईपर्यंत. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला. तुमच्या घरात आलेल्या खोक्यात त्या मापाची गाडी आहे. इंजिनाचं तोंड अमेरिकन असेल, पण रुळावर ती उभी राहते ती पंढरपूरच्या गाडीसारखी. हे आप्पांना सांगा. त्यांच्या वयाच्या माणसानं बार्शी लाईटनं एकदा तरी वारी केलेली असण्याचा संभव मोठा आहे.

मग बर्फ. कोल्हापुरात बर्फ पडत नाही हे खरं, पण बर्फाच्या देशातली माणसं कोल्हापुरात गाडीनं आलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून हाकलली गेलेली कुटुंबं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिली. सुमारे पाच हजार माणसं. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनाघर होतं. कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. वळिवडे हे मिरज-कोल्हापूर मार्गावरचं स्टेशन, रुकडीनंतरचं, गूळ मार्केटच्या आधीचं. त्या मुलांनी इथल्या उकाड्यात नाताळ काढले. घरचा बर्फ त्यांना आठवत असणार.

म्हणून माझी सूचना अशी. एका फळीवर दोन गावं करा आणि मधल्या स्टेशनाला वळिवडे असं नाव द्या. एका बाजूला नणंदेची पाच घरं, पांढऱ्या कापडावर, जशीच्या तशी. ते आत्याचं गाव. दुसऱ्या बाजूला आपलं गाव. दोन्हींच्या मध्ये डोंगराची भिंत, आणि गाडी बोगद्यातून एका गावातून दुसऱ्यात जाते. आगगाड्यांचे देखावे करणारे असा मधला डोंगर मुद्दाम घालतात. दोन्ही बाजू एकदम दिसल्या तर गाडी नुसती गोल फिरताना दिसते. एक बाजू झाकली की ती कुठूनतरी येते आणि कुठंतरी जाते.

आणि घरं रंगवायची नाहीत. नवऱ्यांना हे माझ्या वतीनं सांगा. चिनीमातीच्या चकचकीत लेपावर साधा रंग धरत नाही, महिन्यात पोपडे निघतील. त्याहून मोठं कारण, बहिणीनं दिलेली वस्तू तिच्या डोळ्यांदेखत बदलून ठेवायची नसते. घरं कौलारू हवीत ना? मग कौलारू घरं करा. नवीन. आपल्या हातानं.

तिकडच्या लोकांनीही हेच केलं होतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं एक गाव आहे, त्याचं नावच बेथलेहेम, १७४१ च्या नाताळच्या आदल्या रात्री ठेवलेलं. ते लोक नाताळात येशूच्या जन्माचा देखावा मांडत. त्याला ते 'पुट्झ' म्हणत, जर्मन भाषेतल्या सजवणं या शब्दावरून. शेवाळ, फांद्या, दगड, लाकडाची जनावरं. हळूहळू त्या गोठ्याभोवती त्यांच्या डोळ्यांसमोरचंच आलं, कुंपणं, गिरण्या, पूल, शेतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेवर चालणारी खेळातली गाडी आली. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायोनेल कोवेन यांनी ती आधी दुकानाच्या काचेत लोकांचं लक्ष वेधायला म्हणून केली होती, पण लोक वस्तू सोडून गाडीच मागू लागले, आणि ती नाताळच्या झाडाखाली येऊन बसली. पुढे जपानमधून पुठ्ठ्याची छोटी घरं जाऊ लागली. १९७६ पासून दिवे लागणारी चिनीमातीची घरं विकत मिळू लागली. विकतचं गाव हा या परंपरेचा शेवटचा आणि सगळ्यात लहान तुकडा आहे. मूळ गोष्ट आपल्या परिसराचं गाव आपल्या ऋतूत मांडायची.

आपला ऋतू कोणता? डिसेंबरात कोल्हापूर जिल्ह्यात काय चालू असतं? गळीत हंगाम. पहाटे नदीकाठाला धुकं, रस्त्यावर उसाच्या गाड्या, आणि गुऱ्हाळाच्या धुराड्यातून निघणारा धूर. म्हणून तुमच्या गावाच्या मधोमध गुऱ्हाळ हवं. रेल्वेशी त्याचं नातं घट्ट आहे. कोल्हापूरला गाडी आली १८९१ साली, शाहू महाराजांनी कारभार हाती घेण्याच्या तीन वर्षं आधी. गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसली ती १८९५ मध्ये. गूळ मार्केट नावाचं स्टेशनच या मार्गावर आहे.

मापं मी काढून ठेवली आहेत, मुलाला वहीत लिहून घ्यायला सांगा. अठ्ठेचाळीसानं भागायचं. माणूस साडेतीन सेंटिमीटर. घराचं दार चारच्या आत. दहा फुटी ऊस सव्वासहा सेंटिमीटर, केरसुणीच्या काड्या तेवढ्या कापून, हिरव्या रंगात बुडवून, दाट रोवल्या की फड तयार. आठ फुटी काहील, रस उकळायची ती मोठी कढई, पाच सेंटिमीटर, म्हणजे लोणच्याच्या छोट्या बरणीचं झाकण. त्यात पिवळसर तपकिरी रंग आणि वरून थोडा फेव्हिकॉल, वाळला की रस उकळल्यासारखी चमक येते. काहिलीखाली चुलवाणात एकच नारिंगी एलईडी. बाजूला चिपाडाचा ढीग, त्यासाठी नारळाची शेंडी बारीक कातरा. गुळाचे रवे शाडूचे, हरभऱ्याएवढे. खरा गूळ अजिबात नको, मुंग्या येतील आणि रुळावर चिकटा बसेल. गुळव्या काहिलीशी वाकलेला आणि जळव्या चुलवाणात चिपाड घालताना, ही दोन माणसं शाडूची आप्पांकडून करून घ्या.

कुंभार गल्लीतले मावळे या फळीवर आणू नका, मुलानं हट्ट केला तरी. तीन इंची मावळा या मापात बारा फुटी होतो, आणि तो शेजारी आला की गाडी लगेच खेळणं दिसायला लागते. सगळं कोल्हापूरही आणू नका. रंकाळा, नवा राजवाडा, भवानी मंडप, बिंदू चौक असं चार फुटांत कोंबलं की काहीच दिसत नाही. एक स्टेशन, एक गुऱ्हाळ, दोन-तीन घरं, एक विहीर, फड. फार तर एक तालीम, लाल मातीचा हौदा दिसेल अशी. ती माती मात्र रंगवलेला भुसा.

डोंगराच्या बाबतीत आप्पांशिवाय तुमचं चालणार नाही. किल्ल्याला विटांवर गोणपाट पसरून मातीचा काला मारतात, हे काम त्यांचा हात डोळे मिटून करतो. इथे विटांऐवजी चुरगळलेले कागद आणि पुठ्ठे, गोणपाटाऐवजी जुनी सुती साडी, काल्याऐवजी प्लास्टर किंवा फेव्हिकॉलचं पाणी. हात तोच. बसलेल्या माणसाला पलीकडचं दिसू नये एवढी उंची ठेवा, दीड फुटाच्या आत भागतं. प्लास्टर पूर्ण वाळू द्या, झाडून घ्या, मगच रूळ टाका. बोगद्याचं तोंड ठरवताना सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांब डबा हातानं ढकलून बघा. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला झुकतो आणि टोकं बाहेर येतात, त्याला पेन्सिल धरून खूण करा आणि बोटभर जास्त ठेवा. डोंगराला मागून हात जाईल एवढं भोक ठेवायला विसरू नका. गाडी घसरते ती नेमकी बोगद्यात.

मुलगा घाट मागेल, गाडी डोंगरावर चढायला हवी म्हणेल. त्याच्याकडून हिशेब करून घ्या. शंभर इंचांत दोन इंच, हा गाडीला सोसेल असा चढ. चार इंच चढायला दोनशे इंच रूळ, म्हणजे साडेसोळा फुटांपेक्षा जास्त. तुमच्या सोप्यात एवढी जागा नाही. गाडी सपाटीवरच राहू द्या, डोंगर वर जाऊ द्या.

प्लाय विकत घेण्याआधी रूळ फरशीवर जोडून लांबी-रुंदी मोजा. अशा खोक्यातली वळणं बहुधा अठरा इंच त्रिज्येची असतात, म्हणजे रुंदीला चार फूट पुरतील. फळी जमिनीवर नको. कॉटच्या उंचीवर ठेवा. मुलाच्या डोळ्यांसमोर गाडी येईल, आणि पंचेचाळीस वर्षं उकिडवे बसून किल्ला केलेल्या माणसाला खुर्चीत बसून काम करता येईल.

रूळ काळे पडले की गाडी अडखळते. मेडिकलमध्ये मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन पुसा, खोली उघडी ठेवून आणि गाडीची वीज बंद करून. पॉलिश पेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ जास्त बसतो. तेल द्यायचं ते प्लॅस्टिकला चालणारं हलकं यंत्रतेल, सुईच्या टोकावर येईल तेवढंच. घरात सहज हाताशी खोबरेल असतं म्हणून ते घालू नका. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि डिसेंबरात कोल्हापूरची रात्र त्याच्या बरीच खाली जाते. चमकीच्या माळा रुळांपासून लांब ठेवा, एक झिरमिळी दोन रुळांवर आडवी पडली की शॉर्ट होतं. वीस मिनिटं गाडी चालवली की इंजिनाला थोडी विश्रांती.

आप्पांशी कुणी बोलायचं, हे तुम्ही विचारलंत. तुम्ही नका बोलू, नवऱ्यांनीही नको. मोठ्यांनी बोललं की परवानगीचा विषय होतो, आणि परवानगी मागितली की माणसाला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. मुलाला पाठवा, आणि तेही दिवाळी झाल्यावर, किल्ल्याची माती अजून त्यांच्या नखांत असताना. त्यानं एवढंच विचारायचं: आप्पा, माती न वापरता डोंगर कसा करायचा? दुसऱ्या दिवशी बार्शी लाईटचा विषय काढायचा. तिसऱ्या दिवशी गुऱ्हाळात कोण कुठं उभं राहतं ते विचारायचं. माझ्या अनुभवात असा माणूस तिसऱ्या प्रश्नापर्यंत थांबत नाही, पहिल्यालाच उठून कपाटामागचे पुठ्ठे शोधायला लागतो. आणि समजा नाहीच उठले, तर आग्रह करू नका. मुलानं त्यांना दिसेल अशा जागी काम सुरू करावं आणि डोंगर चुकीचा करावा. चुकीचा डोंगर त्यांना बघवणार नाही.

गाडीची गोडी टिकली तर सुट्टीत दोघांना पुण्याला न्या. कोथरूडच्या बाजूला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या आगगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. एका माणसाच्या हातून काय होऊ शकतं हे आप्पांना तिथं आवडेल.

जानेवारीत सगळं काढताना प्रत्येक कोपऱ्याचा फोटो घ्या. माळांतल्या बॅटऱ्या काढा, राहिल्या तर पावसाळ्यात गळतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात माळ्यावर दमट होतं, म्हणून इंजिन मूळ खोक्यात, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या, आणि खोकं कपाटात. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडतं. शाडूची माणसं वेगळ्या डब्यात, कापसात.

राहता राहिल्या नणंदबाई. त्यांना आताच फोन करा, डिसेंबरची वाट पाहू नका. अडॅप्टर जळला हे सांगून टाका, आल्यावर कळण्यापेक्षा ते बरं. किल्ल्याखाली गाडी का नाही, हे त्यांना समजवावं लागणार नाही, त्याही त्याच अंगणात माती कालवत वाढल्या असतील. 'येताना काय आणू' असं त्या विचारतीलच. तिकडचा अडॅप्टर नको म्हणा, तो पुन्हा १२० चाच असेल. रुळाचे चार सरळ तुकडे मागा, खोक्यावरचं नाव वाचून दाखवून त्याच कंपनीचे, कारण दुसऱ्यांचे सांधे बसत नाहीत. दोन्ही बाजूंना दोन-दोन घातले की आत्याचं गाव आणि वळिवडे यांच्यामध्ये गाडीला दीड फूट जास्त धावायला मिळेल.